नाडीच्या दोन ठोक्यांमधील अंतर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते माध्यमिक शाळेत शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



या व्यासपीठावरून शिक्षणाच्या महत्त्वाविषयी आपण दरवर्षी काही ना काही ऐकता. आज तेच पुन्हा सांगण्याऐवजी ज्ञानाचा एक छोटासा तुकडा आपल्यापुढे ठेवावा असे मी ठरविले आहे. विषय आहे अपघातात जखमी झालेल्या माणसांचा. अनेक जखमींमधून कोणाला आधी उचलावयाचे, हे ठरविण्यासाठी हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराचा उपयोग होतो काय, हा तो विषय होय. डॉक्टर मंडळी याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात. आपण त्याला ठोक्यांची बदलशीलता म्हणू.

मी डॉक्टर नाही. मी आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित आणि भूगोल शिकवितो. परंतु या विषयात शरीरशास्त्राइतकेच गणितही आहे. शिवाय आपल्या प्रत्येक घरातील कोणी ना कोणी रोज रस्त्यावर असतो. कोणी ट्रक चालवितो, कोणी मोटारसायकलवरून कारखान्यात जातो, मुले एस. टी. ने शाळेत येतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा हा विषय परका आहे असे कोणी म्हणू नये.

आधी कोण?

अशी कल्पना करा की, घाटात एक जीप उलटली आहे. पाच जण जखमी आहेत आणि रुग्णवाहिका एकच आली आहे. एकाचा पाय मोडला असून तो मोठमोठ्याने ओरडतो आहे. एकाच्या कपाळातून रक्त वाहते आहे आणि त्याचा सदरा लाल झाला आहे. दोघांना खरचटले आहे. पाचवा एक तरुण बाजूला दगडावर शांत बसला आहे. विचारले तर म्हणतो, "मला काही झाले नाही, त्यांना बघा." त्याच्या पोटाला जीपच्या दांडीचा मार लागला आहे, पण बाहेर जखम नाही. गाडीत आधी कोणाला घालाल?

आपण बहुतेक जण ओरडणाऱ्याकडे किंवा रक्ताने माखलेल्याकडे धावू. हे स्वाभाविक आहे. परंतु त्या पाचव्या तरुणाची प्लीहा फाटली असेल आणि पोटातल्या पोटात रक्त साचत असेल, तर सर्वांत कमी वेळ त्याच्या हाती आहे, आणि नेमका तोच काही मागत नाही.

जखमींची अशी निवड करण्याला ट्रायाज असे नाव आहे. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ निवडणे, वेगळे करणे असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डोमिनिक लारे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने रणांगणावर जखमींना उचलून नेणाऱ्या हलक्या, वेगवान घोडागाड्या सुरू केल्या. नेपोलियनच्या सैन्यात तो पुढे मोठ्या पदावर होता. हुद्दा न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी उपचार, हा दंडक त्याने घातला. त्या काळी सरदार आणि साधा शिपाई यांच्यात केवढे अंतर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दंडकाचे मोल कळते.

पुढे अशा निवडीच्या सोप्या पद्धती तयार झाल्या. १९८३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यूपोर्ट बीच येथील अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी मिळून स्टार्ट नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रथम चालू शकणाऱ्यांना बाजूला काढतात. त्यांना हिरवी चिठ्ठी मिळते. इतरांबाबत तीन गोष्टी पाहतात. श्वास मिनिटाला ३० हून अधिक आहे काय, मनगटावरची नाडी हाताला लागते काय, आणि सांगितलेली साधी आज्ञा तो पाळतो काय. यांपैकी एकही गोष्ट बिघडली असेल तर लाल चिठ्ठी, म्हणजे त्याला सर्वांत आधी न्यावयाचे. तिन्ही ठीक असतील तर पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास चालत नाही त्याला काळी. एका माणसाची तपासणी मिनिटाभराच्या आत उरकते. ही पद्धत उपयोगी आहे यात शंका नाही. पण आपला पाचवा तरुण चालू शकतो, बोलतो, आज्ञा पाळतो. त्याला हिरवी चिठ्ठी मिळेल. म्हणूनच ही तपासणी एकदा करून थांबत नाहीत, ती पुन:पुन्हा करावयाची असते.

झाकली मूठ

आता आपण विचाराल, की रक्त वाहून जात असेल तर रक्तदाब मोजल्यावर ते कळणार नाही काय? येथेच खरी अडचण आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातील १५ टक्के, म्हणजे पाऊण लिटरपर्यंत रक्त गेले, तरी नाडी व रक्तदाब यांत विशेष फरक दिसत नाही. १५ ते ३० टक्के रक्त जाते तेव्हा नाडी जलद होते, माणूस थोडा अस्वस्थ होतो, पण वरचा रक्तदाब बहुधा जागच्या जागी असतो. ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे सुमारे दीड लिटर रक्त गेल्यावर तो स्पष्टपणे घसरू लागतो. जगभर डॉक्टरांना अपघातातील जखमींच्या उपचाराचे जे प्रशिक्षण देतात, त्यात हेच टप्पे शिकवितात. ते टप्पे ढोबळ आहेत. तरुण आणि म्हातारा, खेळाडू आणि आजारी यांत फरक पडतो. परंतु रक्तदाब उशिरा बोलतो, हे तत्त्व कायम राहते.

असे का होते? घरातील कर्त्या माणसाची नोकरी जाते, तेव्हा पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांना काही कळत नाही. चूल पेटते, मुले शाळेत जातात. आतून मात्र दागिना गहाण पडलेला असतो, उधारी सुरू झालेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही. शरीरही असेच करते. रक्त कमी होऊ लागले की हातापायांच्या व कातडीच्या रक्तवाहिन्या ते आवळून घेते, हृदयाला जोरात पळविते, आणि जेवढे रक्त उरले आहे ते मेंदू व हृदयाकडे वळविते. त्यामुळे रक्तदाबाचा आकडा चांगला दिसतो. गहाण ठेवण्यासारखे काही उरत नाही तेव्हा मूठ एकदम उघडते. अशा वेळी पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि तरुणांचे शरीर ही झाकाझाक अधिक काळ करू शकते म्हणून त्यांच्या बाबतीत फसगतही अधिक होते.

तेव्हा प्रश्न असा, की मूठ झाकलेली असतानाच आतली उधारी ओळखता येईल काय?

ठोके घड्याळासारखे नसतात

विद्यार्थी मित्रहो, उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूस ठेवा. नाडी लागली? आता सावकाश दीर्घ श्वास घ्या आणि तितक्याच सावकाश सोडा. असे चार-पाच वेळा करा. नीट लक्ष दिलेत तर श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद झालेली जाणवेल. मुलांना हे लवकर जाणवेल, आजोबांना कदाचित जाणवणार नाही, कारण वयाबरोबर हा फरक कमी होतो. घाबरू नका, हा दोष नव्हे. निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही. त्याच्या दोन ठोक्यांमधील अंतर सतत थोडे कमी-जास्त होत असते.

नाडीच्या अभ्यासाची परंपरा फार जुनी आहे. आपल्याकडे हकीमसाहेब नब्ज पाहतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात नाडीच्या परीक्षेसाठी दहा बाबी दिल्या आहेत. त्यांत ठोके एकसारखे आहेत की असमान, आणि असमान असतील तर त्या असमानतेत काही नियम आहे काय, हेही पाहावयास सांगितले आहे. आजचे शास्त्र त्या ग्रंथात होते असा दावा मी करणार नाही. तसे म्हणणे त्या थोर हकीमाचा सन्मान नव्हे. पण ठोक्यांची संख्या मोजून थांबू नये, त्यांची चालही पाहावी, ही दृष्टी मात्र तेथे आहे.

युरोपात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या धमनीत नळी बसवून रक्तदाब मोजला. ते प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाले. श्वासाबरोबर रक्ताचा दाब व ठोके बदलतात हे त्याच्या ध्यानात आले. १८४७ साली कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या पिंपावर रेषा उमटविणारे यंत्र वापरून श्वास व नाडी यांचा हा संबंध नोंदविला. पुढे हॉलंडमधील विलेम आइंटहोव्हेन याने हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध केले आणि त्याबद्दल त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो तो हाच. त्यातील उंच टोकांमधील अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिसेकंदात मोजता येते.

हे अंतर बदलते कसे? हृदयाला स्वत:ची गती असते. कोणी हुकूम दिला नाही तरी ते मिनिटाला सुमारे १०० वेळा ठोके देईल. त्याच्यावर दोन चेतासंस्थांचा अंमल चालतो. परानुकंपी संस्था व्हेगस नावाच्या चेतेमार्फत लगाम खेचते आणि गती कमी करते. अनुकंपी संस्था चाबूक उगारून गती वाढविते. लगामाचा परिणाम तात्काळ, अगदी पुढच्याच ठोक्यावर दिसतो. चाबकाचा परिणाम दिसावयास काही सेकंद लागतात. माणूस शांत असतो तेव्हा कुशल गाडीवान हातातील लगाम क्षणोक्षणी थोडा सैल, थोडा घट्ट करीत असतो. म्हणूनच ठोक्यांमधील अंतर कमी-जास्त होते. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचे हृदय बसविलेले असते, त्यांच्या बाबतीत या चेता तुटलेल्या असतात. ते हृदय जलद आणि जवळजवळ एकाच चालीने चालते. याचा अर्थ असा, की ठोक्यांमधील बदल हृदयाच्या मागे बसलेल्या गाडीवानाची बातमी देतो.

आता रक्तस्राव झाला असे समजा. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणाऱ्या चेता असतात. दाब किंचित कमी होताच त्या मेंदूला कळवितात. मेंदू लगाम सोडून देतो आणि चाबूक हाती घेतो. हृदय पळू लागते, पण लगामाची खेच-सोड थांबल्यामुळे ठोक्यांमधील बारीक फरक नाहीसा होतो. रक्तदाब अजून चांगला आहे, मूठ अजून झाकलेली आहे, पण चाल बदलली आहे. संशोधकांना आशा वाटली ती येथे.

थोडे गणित

दहावीच्या मुलांसाठी एक उदाहरण देतो. हे आकडे समजण्यासाठी मी घेतले आहेत, ते कोणा रुग्णाचे नव्हेत. अहमदच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरे अशी आहेत: ८१०, ८६०, ७९०, ८४० आणि ८०० मिलिसेकंद. सलीमची अंतरे अशी: ८२२, ८१८, ८२०, ८२१ आणि ८१९. दोघांचीही बेरीज करा. ती ४१०० येते, म्हणजे सरासरी ८२० मिलिसेकंद. साठ हजाराला ८२० ने भागले की नाडी मिनिटाला ७३ येते. नाडी मोजणाऱ्याला दोघे अगदी सारखे वाटतील.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या आणि वर्गमूळ काढा. अहमदच्या बाबतीत वर्गांची बेरीज ३४०० येते, सरासरी ६८० आणि वर्गमूळ सुमारे २६. सलीमच्या बाबतीत बेरीज अवघी १०, सरासरी २ आणि वर्गमूळ सुमारे १.४. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. एकाची चाल खेळकर आहे, दुसऱ्याची सरळसोट. सरासरीने जे लपविले ते विचलनाने उघड केले. प्रत्यक्षात पाच ठोके पुरत नाहीत, काही मिनिटांचे शेकडो ठोके घ्यावे लागतात आणि अशी मापे अनेक प्रकारची आहेत. १९९६ साली युरोप व उत्तर अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन ती कशी मोजावीत याचे नियम प्रसिद्ध केले. पण मूळ कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकातील गणिताच्या बाहेरची नाही.

डॉक्टरांनी काय पाहिले?

या बदलशीलतेचा रुग्णाशी संबंध प्रथम प्रसूतिशास्त्रात दिसला. १९६३ साली हॉन आणि ली या संशोधकांनी दाखविले, की गर्भातील बालक संकटात येते तेव्हा त्याच्या हृदयाची गती बदलण्यापूर्वीच ठोक्यांमधील अंतराची चाल बदलते. १९८७ साली क्लायगर व त्याच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तासांच्या नोंदीत ज्यांचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून अधिक असणाऱ्यांच्या ५.३ पट आढळला. या अभ्यासानंतर पुष्कळांचे लक्ष या मापाकडे वळले.

अपघातातील जखमींकडे हा विचार या शतकाच्या आरंभी वळला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील यंत्रांमधून हृदयगतीचे आकडे सतत साठविले आणि दर पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत त्यांत किती चढउतार होतो हे संगणकाने काढले. २००६ साली त्यांनी २०८८ जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या हृदयगतीतील चढउतार मावळला होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. हृदय आणि चेतासंस्था यांची सांगड सुटली, असे त्यांनी या स्थितीचे वर्णन केले.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे अमेरिकी सैन्याची शल्यसंशोधन संस्था आहे. तिच्यापुढे प्रश्न वेगळा होता. रणांगणावर एका वैद्यकीय शिपायाला अनेक जखमी पाहावे लागतात, गोळीबारात प्रत्येकाजवळ जाताही येत नाही. जखमीच्या छातीवरील यंत्राने दुरूनच बातमी दिली तर? तेथील कुक, बॅचिन्स्की, कन्व्हर्टिनो आदी संशोधकांनी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयात आणलेल्या जखमींचे ईसीजी तपासले. २००६ व २००७ साली त्यांचे निष्कर्ष आले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच ज्यांच्या ठोक्यांच्या चालीतील गुंतागुंत हरपली होती, त्यांच्यात मृत्यूशी संबंध दिसला. २००९ साली मायामी येथील शल्यवैद्यांनी हेलिकॉप्टर-प्रवासातच हे माप घेऊन गंभीर जखमी ओळखता येतात काय, याचा छोटा अभ्यास केला आणि तोही आशादायक ठरला.

मित्रहो, येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, की प्रश्न सुटला. प्रत्येक रुग्णवाहिकेत एक यंत्र ठेवावे, त्याने आकडा सांगावा आणि त्याप्रमाणे चिठ्ठी लावावी. पण गोष्ट तशी नाही, आणि ती का नाही हे समजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

गटाचे खरे, एकाचे खरे नव्हे

सॅन अँटोनिओच्याच संस्थेत आणखी एक प्रकारचे प्रयोग चालत. निरोगी स्वयंसेवकाला आडवे झोपवून त्याचा कमरेखालचा भाग हवाबंद पेटीत ठेवतात आणि पेटीतील हवा हळूहळू ओढून घेतात. त्यामुळे रक्त पायांकडे खेचले जाते आणि हृदयाकडे येणारे रक्त कमी होते. एक थेंबही रक्त न सांडता रक्तस्रावासारखी स्थिती निर्माण होते. स्वयंसेवकाला चक्कर येऊ लागताच हवा सोडतात आणि तो पूर्ववत होतो.

२०१० साली या प्रयोगांवरून या संस्थेच्या संशोधकांनी एक सावधगिरीचा इशारा दिला. सर्व स्वयंसेवकांची सरासरी काढली, तर हृदयाकडील रक्त कमी होत जाते तसतशी बदलशीलता कमी होते, असे सुरेख चित्र दिसते. परंतु एकेका माणसाचे आकडे वेगळे पाहिले तर तो संबंध विस्कळीत होतो. एकाची बदलशीलता लवकर घटते, दुसऱ्याची फारशी घटत नाही. ज्या संस्थेने आशा दाखविली तिनेच मर्यादाही दाखविली. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

वर्गाचे उदाहरण घ्या. रोज दोन तास अभ्यास करणाऱ्या मुलांचे सरासरी गुण अधिक असतात. हे खरे. पण म्हणून अमुक मुलगा दोन तास बसतो एवढ्यावरून मी त्याचे गुण न तपासता लिहू शकत नाही. ट्रायाजमध्ये तर प्रश्न नेहमी एका माणसाचाच असतो. समोर पडलेला जखमी ही सरासरी नसते.

शिवाय इतर अडचणी आहेत. वयाबरोबर बदलशीलता कमी होते. म्हाताऱ्या माणसाचा आकडा निरोगी असतानाही कमी असतो. रक्तदाबाच्या काही औषधांनी ती बदलते. वेदना, भीती, श्वासाचा वेग यांनीही बदलते, आणि अपघातस्थळी वेदना व भीती कोणाला नसते? रुग्णवाहिका खड्ड्यांतून हादरत जाते तेव्हा यंत्र खोटे ठोके मोजते. मध्येच एखादा अवेळी ठोका आला तर सगळा हिशेब बिघडतो. आणि काही मिनिटांची स्वच्छ नोंद मिळेपर्यंत पिवळी चिठ्ठी लाल होऊन जाते.

म्हणून आज हे माप नेहमीच्या तपासणीची जागा घेऊ शकलेले नाही. अपघातस्थळी डॉक्टर व परिचारक आजही श्वास, नाडी, शुद्ध आणि जखम पाहूनच निर्णय घेतात. संशोधन मात्र थांबलेले नाही. कन्व्हर्टिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नाडीच्या प्रत्येक लाटेचा आकार संगणकाला शिकवून, शरीराची सावरण्याची किती शक्ती शिल्लक आहे याचा अंदाज घेण्याची पद्धत विकसित केली. प्रश्न तोच आहे: झाकलेल्या मुठीत काय उरले आहे? वाट बदलली आहे.

येथे घड्याळांविषयीही एक शब्द सांगतो. हल्ली मनगटावरची घड्याळे कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतात आणि त्यांपैकी पुष्कळ घड्याळे बदलशीलतेचा आकडाही दाखवितात. आपल्या मुलाच्या घड्याळात आकडा कमी दिसला म्हणून पालकांनी रात्र जागून काढू नये, आणि अपघातानंतर घड्याळात आकडा चांगला दिसतो म्हणून कोणी निर्धास्तही राहू नये.

आपण काय करावे?

आपल्या हाती यंत्र नाही. पण या सर्व माहितीतून घरी नेण्यासारखे काही निश्चित आहे.

पहिली गोष्ट, शांत बसलेल्या जखमीला विसरू नका. पोटाला, छातीला किंवा मांडीला जबर मार लागला असेल तर तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याचे अंग गार व घामाने ओले होणे, तहान लागणे, बेचैनी, बोलण्यात गोंधळ, श्वास जलद होणे ही उधारी सुरू झाल्याची चिन्हे आहेत. दर काही मिनिटांनी पुन्हा पाहा. एकदा पाहिलेला आकडा म्हणजे छायाचित्र होय, आणि रोगी तर चालता चित्रपट आहे. त्याला पाणी मागितले तरी पाजू नये, कारण शस्त्रक्रियेची गरज लागू शकते.

दुसरी, बाहेर वाहणारे रक्त स्वच्छ कपड्याने जोराने दाबून धरा आणि मदत येईपर्यंत दाब सोडू नका. यासाठी पदवी लागत नाही.

तिसरी, मदत बोलवा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा मिळते, आणि ११२ हा देशभरचा संकटकालीन क्रमांक आहे. किती जखमी, कोणती जागा, कोण बेशुद्ध, हे नीट सांगा.

चौथी गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो. "पोलिसांचे झंझट नको" म्हणून पुष्कळ भली माणसे अपघात पाहून पुढे निघून जातात. आपल्या वस्तीतील तरुणांच्या मनात तर ही धास्ती अधिक असते, हे मी जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हा कायदा आई-वडिलांनी मुलांना सांगावा. भीतीपोटी थांबलेली दहा मिनिटे कोणाच्या तरी घरची कमाई, कोणाची तरी आई घेऊन जातात.

आता शेवटी विद्यार्थ्यांशी दोन शब्द. प्रमाण विचलन कशासाठी शिकावयाचे, असे मुले मला विचारतात. पालकही विचारतात, की मुलीला गणित घेऊन काय उपयोग? हे आजचे व्याख्यान त्या प्रश्नाला उत्तर म्हणून घ्या. घोड्याच्या धमनीत नळी घालणारा धर्मोपदेशक, फिरत्या पिंपावर रेषा काढणारा प्राध्यापक आणि संगणकावर हजारो ठोके मोजणारा अभियंता, या सर्वांचे काम एका जखमी माणसाच्या उशाशी एकत्र येते. डॉक्टर होण्याची परिस्थिती प्रत्येक घराची नसते. परिचारिका, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेवरील परिचारक, आकडेशास्त्राचा पदवीधर, यांपैकी कोणीही त्या उशाशी उभा राहू शकतो. यांतील काही अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांत पुरे होतात. दहावी-बारावीच्या मुलांनी व विशेषत: मुलींनी त्यांची माहिती आपल्या शिक्षकांकडे अवश्य विचारावी. आम्ही ती मिळवून देऊ.

आणि पालकांनो, आपल्या पाचव्या तरुणासारखी मुले वर्गातही असतात. ओरडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. जो गप्प बसून "मला काही झाले नाही" म्हणतो, त्याची विचारपूस राहून जाते. शिक्षकांनी आणि घरच्यांनी त्याच्याकडेही पुन:पुन्हा पाहावे.